पोटवाली गिटार

२ जुलै १९६७, रविवार

दुपारी ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते आणि पाच वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवली. त्या दिवशीही पुढ्यात शेंगाच होत्या. चुनीलाल (लिहिताना नाव घेते, मोठ्यानं कधी घेतलं नाही) सुरतेच्या गाडीनं उतरले होते आणि मुंबईहून गोधडीत गुंडाळून एक वाद्य घेऊन आले होते. बोटीवर वाजवणाऱ्या कुणा साहेबानं दुकानात विकलेली हॉफ्नर कंपनीची जर्मन बेस गिटार. चार जाड तारा, आकार थेट व्हायोलिनचा, आतून पोकळ, आणि हातात घेतली तर एखाद्या कोंबडीएवढी हलकी.

वीज गेलेली होती, त्यामुळे अँप्लिफायर गप्प. गिटार आणली होती रायसिंगसाठी; तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये मोठा पितळी भोंगा फुंकून त्याची छाती गेली होती. त्याला धीर निघेना. त्यानं गिटार तशीच मांडीवर घेतली, तिच्या वरच्या काठावर हनुवटी टेकवली, डोळे मिटले आणि अंगठ्यानं जाड तार छेडली. मला काही फारसं ऐकू आलं नाही. तो मात्र बराच वेळ तसाच बसून राहिला आणि म्हणाला, "पोटमा बोलस हाई."

चुनीलालनी शेंग फोडली, दाणे त्याच्या हातावर ठेवले आणि मला म्हणाले, "झालं. पसंत पडली." मी चहा ठेवायला आत गेले. त्या संध्याकाळी दुसरं काहीच घडलं नाही.

त्यांना जाऊन चार वर्षं होतील. त्यांनी उभी केलेली वाजवणाऱ्यांची पार्टी अजून आमच्याच घरातून चालते. वाद्यं बैठकीच्या खोलीत असतात, तालीम दर रविवारी. मी हार्मोनियम धरते आणि भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले त्या पद्धतीनं चिजा लिहून ठेवते. लग्नं, मुंजी, स्टेशनच्या इन्स्टिट्यूटमधले कार्यक्रम, एवढ्यावर आजवर निभावलं.

आता धुळ्याच्या एका मोठ्या गणेश मंडळाचं बोलावणं आलं आहे, दहाही संध्याकाळी. ड्रम वाजवणारा चुडामण म्हणतो, "काकू, हे जमलं तर पार्टी राहील. नाहीतर मी सुरतेला मिलमध्ये निघालो." तो थट्टेत म्हणाला. पण बाकीचे हसले नाहीत.

९ जुलै, रविवार

आज तालीम कमी आणि भांडण जास्त झालं. कारण, बेस गिटार कुठली न्यायची.

भिला म्हणजे स्टेशनरोडवरचा रेडिओ दुरुस्त करणारा. पोरगा हुशार आहे, कुठलीही तार वाजवतो. त्याचं म्हणणं, मोठ्या मांडवात पोकळ गिटार चालायची नाही. अँप्लिफायर वाढवला की तिच्या पोटात आवाज घुमतो आणि ती कोल्ह्यासारखी ओरडायला लागते. बेस गिटार हवी ती अमेरिकन फेंडरसारखी. भरीव लाकूड, लांब मान, तारा ताणलेल्या, प्रत्येक सूर ठोकल्यासारखा सुटा.

रायसिंग म्हणाला, "वरडस म्हणजे जित्ती शे." मग फेंडरबद्दल म्हणाला की तो पोळपाट आहे, त्यावर पोळ्या लाटाव्यात.

चुडामणनं विचारलं, "आणि तुमचा तो दुधी भोपळा, काका?"

"भोपळा पोटमा जास. पोळपाट जास का?"

सगळे हसले. भिलाही हसला, पण मुद्दा सोडेना. तेवढ्यात रिबेलोसाहेब आले. ते आमच्या तापी लाइनवरचे गार्ड, गोव्याचे. नंदुरबारला मुक्काम पडला की तालमीला येतात. त्यांच्याकडे स्वतःची एक जुनी फेंडर आहे आणि ती त्यांना विकायची आहे, कारण त्यांच्या मते या दोन्ही गिटारी म्हणजे खेळणी. खरा बेस तोच, जो माणसाएवढा उंच असतो, उभ्यानं वाजवतात आणि ज्याच्या मानेवर पट्ट्या नसतात. सूर बोटानं शोधावा लागतो. पट्ट्या मारलेला बेस म्हणजे, त्यांच्या शब्दांत, रेघा आखलेल्या वहीत लिहिणारा मुलगा.

मग तारा चपट्या असाव्यात की गोल, अंगठ्यानं वाजवावं की प्लास्टिकच्या तुकड्यानं, यावर तासभर गेला. मला गंमत वाटत होती. खर्ज कुणी कान देऊन ऐकत नाही, आणि तो वाजवणारे मात्र त्याच्यासाठी एवढे भांडतात.

एक गोष्ट खटकली. रिबेलोसाहेबांनी मागून दोनदा विचारलं, "रायसिंग, तुम्ही लांब मानेची वाजवून पाहिली आहे का?" रायसिंगनं मान वळवली नाही. हा माणूस पूर्वी असा ताठ नव्हता.

१३ जुलै

रायसिंग गिटारीला सूर लावून घ्यायला आला. नेहमी माझ्याकडूनच लावून घेतो. पूर्वी चुनीलालकडून घ्यायचा, ते गेल्यापासून माझ्याकडून. म्हणतो, "वहिनी, तुम्हना कान देवना शे." इतका जुना वाजवणारा, स्वतः लावता येणार नाही असं थोडंच आहे! पण मला मान द्यायची त्याची ही रीत आहे. मी हार्मोनियमवर सूर धरते, खुंट्या पिळते, तो समोर बसून माझ्या चेहऱ्याकडे पाहत असतो.

रविवारी तालीम संपल्यावर भिलानं रिबेलोसाहेबांची फेंडर सगळ्यांना वाजवायला दिली होती. ती कशी वाटली, असं मी रायसिंगला विचारलं.

तो म्हणाला, "मुकी शे."

एवढी खणखणीत गिटार, आणि मुकी! हट्टालाही काही सीमा असावी.

तो जाताना ओट्यापर्यंत पोचवायला उठले तर पाय जड वाटले. संध्याकाळी घोट्यावर चपलेच्या पट्ट्याचा वळ खोल उमटलेला दिसला. कमलबाई म्हणाली, लोणचं बंद करा. घरकामाला आली तेव्हापासून ती माझं काही ना काही बंदच करत आली आहे.

२३ जुलै, रविवार

हे असं चालू राहिलं तर धुळ्याला आम्ही भांडतच पोचू. आज मी एक तोड काढली.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अगाथा पियानोच्या परीक्षेला मध्ये पडदा लावायच्या. कोण वाजवतं आहे ते परीक्षकाला कळू नये. कलेक्टरची मुलगी आणि फायरमनची मुलगी, दोघींना एकच कान. माझा पहिला नंबर आला तो त्या पडद्यामुळे, हे मी विसरलेले नाही. माझे वडील रेल्वेत साधे कारकून होते.

तसंच करायचं. पुढच्या रविवारी बैठकीत चादर बांधू. चादरीपलीकडे अँप्लिफायर आणि दोन्ही गिटारी. अलीकडे चुडामणचा ड्रम, माझी हार्मोनियम, आणि ऐकायला रिबेलोसाहेब आणि पार्टीतले बाकीचे. रायसिंग आपली वाजवेल, भिला फेंडर वाजवेल. आधी कोण, ते आम्हाला कळणार नाही. माणूस नको, ब्रँड नको, फक्त आवाज.

भिला लगेच कबूल झाला. रायसिंगला माझं बोलणं दोनदा समजावून सांगावं लागलं. मग त्यानं एकच विचारलं, चुडामण कुठे बसणार? म्हटलं, अलीकडे, आमच्याबरोबर. तो म्हणाला की चुडामणला पलीकडे घ्या.

भिला म्हणाला, "काका, आवाज ऐकाले डोया कसाले लागतस?"

आवाज ऐकायला डोळे कशाला, यावर पुन्हा सगळे हसले. रायसिंगही हसला, पण जरा उशिरानं, सगळ्यांची तोंडं पाहून. मी म्हटलं, एकासाठी नियम बदलला तर न्याय कसला? ड्रम पलीकडे गेला तर बेस नीट ऐकू येणार नाही. त्यानं मान डोलावली.

३० जुलै, रविवार

झाली परीक्षा.

चादर आमच्या लग्नातली पांढरी, कडेला निळी वेल. कमलबाईनं खिळ्यांना बांधून दिली. पलीकडून पहिल्यांदा जे वाजलं ते स्वच्छ होतं. ठोके बसत होते. खर्ज जमिनीतून आल्यासारखा पायाला लागत होता. रिबेलोसाहेबांनी डोळे मिटून मान हलवली.

मग दुसरं. सुरुवात सुंदर झाली. गोल, मऊ, लाकडी आवाज. मला वाटलं, हीच. चुनीलालनी हीच आणली होती. पण मधल्या भागात चुडामणनं लय चढवली, नेहमी चढवतो तिथेच, आणि पलीकडचा खर्ज मागे राहिला. आधी थोडा, मग पुरता. हार्मोनियम आणि ड्रम एका वाटेला, बेस दुसऱ्या. मी डोळ्यांनी चुडामणला खुणावलं, त्यानं थांबवलं, मी भाता सोडला.

बेस वाजतच राहिला.

आम्ही सगळे गप्प बसलो होतो आणि चादरीमागून तो एकटाच खर्ज चालला होता. जुन्याच लयीत, एकदम बिनचूक. कुणीतरी फुसकन हसलं. मग बरेच जण. भिला पलीकडेच उभा होता, त्यानं बहुधा हात लावला असेल. आवाज तुटला.

रिबेलोसाहेब म्हणाले की पोकळ अंगाचा हाच दोष. सूर पोटात फिरून मग बाहेर पडतो, वाजवणाऱ्याला वाटतं वेळेवर आला, ऐकणाऱ्याला उशिरा मिळतो. मांडवात तर आणखी उशीर होईल. ते पटण्यासारखं होतं. सगळ्यांनी फेंडर म्हटलं. मीही म्हटलं. कानाला जे ऐकू आलं ते आलं.

रायसिंग चादरीखालून वाकून बाहेर आला. कुणी काही बोललं नव्हतं तरी त्यानं एकेकाचा चेहरा पाहिला, आणि सर्वांत शेवटी माझा. फडक्यानं तारा पुसल्या. गिटार भिंतीला नीट टेकवून ठेवली, घसरू नये म्हणून खाली पायपुसणं सरकवलं.

"तुम्हनं बरोबर शे, वहिनी," म्हणाला. "आते पोऱ्यासले वाजवू द्या."

मी म्हटलं, तू फेंडर शीक, भिला शिकवेल, पंधरा दिवसांत हात बसेल. तो चप्पल घालत होता. ओट्याच्या पायऱ्या उतरून गेला, वळला नाही.

१ ऑगस्ट

रायसिंग रनाळ्याला गेला. तिथे त्याच्या भावाची शेती आहे. इथली खोली सोडली, असं चुडामण सांगत होता. एक गिटार निवडली म्हणून कुणी गाव सोडतं का? मी माणसाला नको म्हटलंच नव्हतं. चादर लावली होती ती त्याचसाठी ना, की माणूस मध्ये येऊ नये?

चादर धुवायला टाकली.

१९ सप्टेंबर

धुळ्याहून परत. दहाही संध्याकाळी मांडव भरलेला होता. कबूल केलं पाहिजे, भिलाचं खरं होतं. एवढ्या मोठ्या मांडवात अँप्लिफायर पूर्ण चढवला तरी रिबेलोसाहेबांकडून पार्टीसाठी विकत घेतलेली फेंडर एकदाही ओरडली नाही. शेवटच्या रांगेतली म्हातारी माणसंही पायानं ताल धरत होती. मंडळानं पुढच्या वर्षीचंही सांगून ठेवलं आहे. चुडामण आता सुरतेचं नाव काढत नाही.

सगळं मनासारखं झालं. तरी तिसऱ्या दिवशी एक चीज संपल्यावर मी सवयीनं डावीकडे पाहिलं. तिथे रायसिंग बसायचा, चुडामणच्या अगदी समोर, हनुवटी गिटारीवर टेकवून. चीज चांगली झाली की भुवई एवढीशी उचलायचा. भिला खुर्चीच्या पाठीला रेलून पब्लिककडे बघत होता.

मुक्कामात दम फार लागला. उशी उंच करून झोपले.

१२ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीनंतरची पहिली तालीम. भिलाच्या फेंडरची वायर सांध्यात तुटली. डाग द्यायला दुकानात जावं लागलं असतं, म्हणून तो म्हणाला, आज भोपळाच घेतो. भिंतीपासची हॉफ्नर उचलली, मी सूर लावून दिले.

पूर्ण तालीम त्यानं त्यावरच वाजवली. चुडामणनं नेहमीच्या जागी लय चढवली. माझं लक्ष त्या जागेकडेच होतं.

खर्ज बरोबर ठोक्यावर आला. सगळ्या जागी आला. पोटात फिरला नाही की उशिरा बाहेर पडला नाही.

मी भिलाला पुन्हा वाजवायला लावलं. मग तिसऱ्यांदा. तो म्हणाला, "काकू, झालं काय तुम्हाला? चांगली वाजते की. घरात चांगलीच वाजणार. मांडवात ओरडली असती."

म्हणजे उशीर गिटारीचा नव्हता. मग रायसिंगचा हात चालेनासा झाला आहे का? वय पंचावन्नच्या पुढे आहे. तीस वर्षं भोंगा फुंकून छाती आधीच गेली होती. आम्ही त्याचा थकवा गिटारीच्या माथी मारला आणि मग दोघांनाही काढून टाकलं. गिटार निदान भिंतीपाशी तरी राहिली.

त्याची माफी मागितली पाहिजे.

३ डिसेंबर, रविवार

तालीम बंद ठेवली आणि रनाळ्याला जाऊन आले. टांग्यात बसून दम लागला नाही, उतरून चालताना लागला.

बेबीबाई, म्हणजे त्याची बायको, घरी नव्हती. शेजारणीनं शेत दाखवलं. कापूस वेचणी चालू होती. रायसिंग बांधावर माझ्याकडे पाठ करून बसला होता आणि गोणीच्या तोंडाला सुतळी ओवत होता. मी त्याच्यापासून दोन हातांवर येऊन उभी राहिले. समोर जायला धीर होईना. पाठीलाच बोलायला बरं वाटलं.

सगळं बोलले. की चादर माझी होती आणि हट्टही माझा. की गिटारीत काही खोट नाही, हे मला उशिरा कळलं. हात थकले असतील तर थकू दे, पार्टीत तुझी जागा चुनीलालनी दिलेली आहे, ती मी कोण काढणार. की चार वर्षं मी त्या घरात उभी राहिले ती दर रविवारी तू दारातून "वहिनी" म्हणून आत येत होतास म्हणून. असं मी जन्मात कुणाजवळ बोलले नव्हते.

त्यानं सुई एकदाही थांबवली नाही. मान वळवली नाही. सुतळी ओढायचा, गाठ मारायचा, पुढचा टाका.

मी परत फिरले. टांगेवाल्यानं विचारलं, भेटले का? म्हटलं, भेटले.

इतका राग. माझ्यावर एवढा राग करणारं आता दुसरं कुणी उरलेलंही नाही.

१७ डिसेंबर, रविवार

बाजाराच्या निमित्तानं बेबीबाई आली. शेजारणीनं तिला सांगितलं होतं की नंदुरबारची बाई शेतावर येऊन रडून गेली. आली तीच ओट्यावर टेकली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुम्ही येई गयात, ते त्यासले ठाऊकच नही."

मी म्हटलं, मी त्याच्या मागे दोन हातांवर उभी होते.

"मांगेच ना?" म्हणाली. मग पदराशी खेळत बसली. शेवटी म्हणाली, "त्यासले ऐकू येस नही, बाई. पाच वरीस व्हयनात. बँडमाच गयात कान."

 तीच बोलत राहिली, खाली बघून. समोरच्या माणसाचे ओठ दिसले तर समजतं. चुडामणची काठी दिसली तर ताल समजतो. आणि सूर हनुवटीच्या हाडातून लागतो, त्या पोकळ गिटारीचा लागतो, दुसरीचा लागत नाही. एकट्या चुनीलालभाईंना ठाऊक होतं. त्यांनीच मुंबईत दुकानादुकानात गिटारी हनुवटीला लावून पाहिल्या आणि ही आणली.

मुंबईहून आल्यावर त्यांच्या हनुवटीखाली एक ओरखडा होता. मी म्हटलं होतं, दाढी नीट करत जा.

मी विचारलं, त्यांनी मला का नाही सांगितलं? बेबीबाई म्हणाली, रायसिंगनं शपथ घातली होती. बहिऱ्याला कोण वाजवायला बोलावतं? आणि आता तिनं मलाही घातली, तिची स्वतःची. "त्यासले समजू देऊ नका, बाई, की तुमले समजनं. कान गयात तरी चालनं. इज्जत जाई ना मंग."

मी कबूल झाले. ती गेल्यावर बैठकीत जाऊन चादर बांधली होती त्या खिळ्यांकडे बघत बसले. सिस्टर अगाथांचा पडदा. मी एका माणसाचे डोळे बांधले आणि त्याला न्याय म्हटलं. आणि तो म्हणून गेला, तुमचं बरोबर आहे.

८ जानेवारी १९६८

धुळ्याचे डॉक्टर येऊन गेले. मीठ बंद, जिना बंद, तालीमही नको म्हणतात. हृदय थोडं मोठं झालं आहे म्हणे. चुडामणला सांगितलं तर म्हणाला, ते आम्हाला आधीपासून माहीत आहे, काकू. हसले तर खोकला आला. डॉक्टर कमलबाईला बाजूला घेऊन बरंच बोलत होते. पथ्याचं असेल.

२१ जानेवारी, रविवार

रायसिंग आला होता. मी आजारी असल्याचं बेबीबाईकडून कळलं म्हणून.

पलंगासमोर खिडकीच्या बाजूनं खुर्ची ओढून बसला. आता मला सगळं दिसत होतं. खुर्ची तिथेच का, उजेड माझ्या तोंडावर का. मी हळू, स्पष्ट बोलायला लागले आणि लगेच ध्यानात आलं की यानंच तो ओळखेल. म्हणून नेहमीसारखी बोलले. घाईत, अर्धवट, खोकत.

मी विचारलं की पुढच्या महिन्यात चुनीलालच्या तिथीला पार्टी वाजवणार आहे, तू वाजवशील का, चुडामणच्या समोर बसून? मध्ये खोकला आला आणि पदर तोंडावर गेला.

तो म्हणाला, "हरभरा चांगला शे. थंडी पडनी ना यंदा."

मी पुढे हरभऱ्याचंच बोलले. घाट्यांना अळी लागली का विचारलं. तो खुशीत सांगत होता. दुसऱ्यांदा विचारायला जीभ उचलली नाही.

उठताना त्यानं दारातून बैठकीत भिंतीपाशी ठेवलेली गिटार पाहिली. घेऊन आला, बसला, हनुवटी टेकवली, अंगठा फिरवला. नोव्हेंबरपासून तिला कुणी हात लावलेला नव्हता. चारही तारा उतरलेल्या, एकीचं दुसरीशी जमत नव्हतं, ऐकवत नव्हतं. तो डोळे मिटून वाजवत होता.

मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "बेस शे ना?"

मी म्हटलं, "बेस आहे." आणि भुवई एवढीशी उचलली.

घेऊन जा म्हटलं. हातानं दाराकडे दाखवलं, म्हणजे नक्की समजावं. तो नको म्हणाला. "चुनीलालभाईना घरनी वस्तू शे. तुम्ही शेतस तठलोंग घरमाच राहू द्या."

मी आहे तोवर ती घरातच, असं म्हणून त्यानं गिटार पुन्हा बैठकीतल्या भिंतीला टेकवली, खालचं पायपुसणं पायानं नीट केलं.

११ फेब्रुवारी, रविवार

आज बैठकीत तालीम चालू आहे, मी आतून ऐकते आहे. बेस ठोक्यावर आहे. हे पान मी फाडून भिलाच्या हातात देणार आहे. मी गेल्यावर त्यानं उघडायचं. बाकीची वही कमलबाईनं बंबात घालावी. तिला वाचता येत नाही आणि तिचा शब्द पक्का आहे.

भिला, तुला आणि चुडामणला सांगते.

फेंडर आणि अँप्लिफायर तुझे. मांडवासाठी तीच योग्य आहे, तिथे तुझंच बरोबर होतं.

हार्मोनियम चुडामणच्या मुलीला. तिला सूर कळतो. लिहिलेल्या चिजांचे गठ्ठे तिच्याकडेच द्या.

माझ्या दोन बांगड्या कमलबाईला. हिरवं लुगडं आणि पितळी डबा रनाळ्याच्या बेबीबाईला.

निळ्या वेलीची पांढरी चादर कुणालाही देऊ नका. फाडून वाद्यं पुसायला घ्या.

पोटवाली गिटार रायसिंगकाकांना. चुनीलालकाकांची तशी इच्छा होती, असं सांगायचं. ते खोटं नाही. देण्याआधी सूर तू लाव, आणि दर महिन्याला रनाळ्याला जाऊन लावून ये. काका म्हणतील लागलेली आहे, तरी लाव. कधी पार्टीत वाजवायला आले तर त्यांना चुडामणच्या समोर बसवा आणि मध्ये कुणी उभं राहू नका.

आणि गिटार देताना मागून हाक मारू नकोस. त्यांच्या समोर जा, दिवसा जा, तोंडावर उजेड येईल असा उभा राहा, आणि मग सांग. का, ते विचारू नकोस.